50 मीटर फ्रीस्टाइल : सुरुवातीला एवढेच सांभाळा

ताई, आपल्या लातूरकडे विहिरीत पोहायला शिकलेल्या मुलींना दम भरपूर असतो, परंतु मान पाण्याबाहेर ठेवण्याची सवय 50 मीटरच्या शर्यतीत नडते. मान वर आली की कंबर बुडते आणि वेग तिथेच जातो. म्हणून तूर्त घड्याळ बाजूला ठेवून नजर तळाकडे राखावी.

2024 च्या पॅरिस ऑलिंपिकमध्ये स्वीडनची जलतरणपटू सारा स्योस्ट्रॉम हिने ही शर्यत 23.71 सेकंदांत जिंकली. तिचे चित्रण पाहताना तळहात पाणी धरून मागे कसे ढकलतो, ते निरखावे. नवख्या मुली हात नुसतेच भराभर फिरवतात.

- पाय गुडघ्यातून नव्हे, मांडीतून मारावेत.
- श्वास रोखण्याचा सराव एकटीने कधीही करू नये.

सूर मारण्याचे बारकावे नंतर पाहू.