अमेरिकेत एखाद्या राज्याने ट्रकचालकांच्या लायसन्सचे नियम पाळले नाहीत, तर केंद्र हायवेचा निधी अडवू शकतं का?

हो, पण सगळा नाही: पहिल्या वर्षी ठरावीक हायवे निधीच्या 4 टक्क्यांपर्यंत, त्यापुढे 8 टक्क्यांपर्यंत. लायसन्स राज्यच देतं. मात्र 1986 च्या कायद्यानुसार परीक्षा आणि अपात्रतेचे किमान निकष केंद्राचे असतात. उदाहरणार्थ, अशा चालकाला वेगमर्यादा मोडल्याबद्दल दोषी ठरवलं, तर ती नोंद राज्याला रेकॉर्डवरून झाकता येत नाही. आणि ते योग्यच आहे. 36 टनांची गाडी हाकणाऱ्याचा इतिहास शेजारच्या राज्यालाही दिसलाच पाहिजे. फक्त ही कपात आपोआप होत नाही, आधी राज्याला म्हणणं मांडायची संधी मिळते. निधीपेक्षा जबर हत्यार वेगळंच आहे: त्या राज्याला अशी लायसन्सं देण्यापासूनच रोखणं.