टक्के उतरवून देणाऱ्याकडे जाऊ नका

मालवणहून एका वडिलांचं पत्र आलंय. लेक बी.एस्सी.च्या शेवटच्या वर्षाला, विषय प्राणिशास्त्र. रापण म्हणजे किनाऱ्यावरून जाळं ओढून करायची मासेमारी; त्यावरचा तिचा प्रकल्प सरांनी परत केला, कारण मजकुरात दुसऱ्यांच्या लिखाणाशी ३८ टक्के साम्य निघालं. वडिलांनी कणकवलीत दोन हजारांत ‘टक्के उतरवून देणारा’ माणूस शोधलाय, पण मुलगी नाही म्हणते. ‘एवढी हट्टी आहे, हिला एम.एस्सी.ला घालू की बँकेच्या परीक्षेला बसवू?’

नमस्कार.

पत्र वाचून काळजी वाटली ती तुमची. मुलीनं प्रस्तावना एका प्रबंधातून उतरवली, ही तिची चूक आहेच. पण सकाळी कॉलेज, दुपारी कुडाळला बँकेचा क्लास, आणि प्रकल्प ‘आठवड्यात उरकून टाक’ हे तुम्हीच सांगितलंत ना? आता ती सरांपुढे चूक कबूल करायला निघालीय, तर तुम्ही ती झाकायला पैसे काढताय. याला हट्ट म्हणू नका. घरात या घडीला तीच बरोबर आहे.

‘दहा टक्के कॉपी चालते’ असं तुम्ही लिहिलंय. चालत नाही. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या नियमांत १० टक्क्यांपर्यंतच्या साम्याला शिक्षा नाही, एवढंच आहे. साम्य म्हणजे तपासणाऱ्या सॉफ्टवेअरला जुळलेले दिसलेले शब्द. श्रेय देऊन घेतलेली अवतरणं आणि संदर्भसूची त्या मोजणीतून वगळायची असतात, तेव्हा ३८ मध्ये सूची धरलीय का, ते अहवाल उघडून बघा. उलट, कणकवलीच्या माणसानं शब्द फिरवले की आकडा खाली येईल, पण मजकूर दुसऱ्याचाच राहील आणि खाली नाव तुमच्या लेकीचं.

प्रकल्पातला सगळ्यात चांगला भाग आजोबांनी सांगितलेला दिसतो: होडीतून जाळं कसं सोडायचं, किनाऱ्यावरून दोन्हीकडचे दोर कसे ओढायचे, मासळीचे वाटे कसे पडतात. त्यावर तुम्ही विचारता, ‘घरच्या माणसाचं नाव कशाला?’ अहो, तोच तर तिचा मूळ स्रोत! त्यांना विचारून नाव, गाव आणि बोलणं झालं ती तारीख लिहायला सांगा. छापील प्रबंधाला श्रेय द्यायचं आणि जन्मभर रापण ओढलेल्या माणसाला नाही, हे मला पटत नाही.

बँकेच्या परीक्षेला कुठलीही पदवी चालते, सरकारी बँकांसाठी भरती परीक्षा घेणाऱ्या आयबीपीएसच्या लिपिकपदासाठी २८ वर्षांपर्यंत बसता येतं. घाई नाही. एम.एस्सी.चं तिला विचारा, मला नको.

सोमवारी तिला एकटीला सरांकडे जाऊ द्या. प्रस्तावना नव्यानं लिहायला ती पंधरा दिवस मागेल. तेवढे दिवस कुडाळचा क्लास बंद ठेवा.