मुंबईत चालणाऱ्या जुन्या डिझेल ब्रेझाला कोणतं इंजिन ऑइल घालावं आणि कधी बदलावं?

तुम्ही लिहिलंय की २०१६ ची डिझेल मारुती ब्रेझा सेकंडहँड घेतली आहे, ८४,००० किमी झालेत, मुलुंड ते बीकेसी ये-जा असते आणि वर्षाला जेमतेम ५,००० किमी होतात. मेकॅनिक म्हणतो, इंजिन जुनं झालंय, आता २०डब्ल्यू-५० हे जाड ऑइल टाका, रनिंग कमी आहे म्हणजे ऑइल दोन वर्षं चालेल. कृपया यातलं काहीच करू नका. माझ्याकडे याच इंजिनची गाडी बरीच वर्षं आहे आणि तीही मुंबईतच चालते, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

आधी दोन वर्षांचं बघू. मुंबईत किलोमीटर मोजून ऑइलचं वय कळत नाही. संध्याकाळी सायन ते घाटकोपर गाडी सरकत असते तेव्हा मीटर जवळपास थांबलेला असतो, इंजिन मात्र फिरतच असतं. तुमचा सरासरी वेग ताशी १५ किमी धरला तर ५,००० किमीला ३३० तासांहून जास्त होतात. नाशिक-पुणे हायवेवर ताशी ६० ने जाणाऱ्याचे १०,००० किमी साधारण १६७ तासांत होतात. म्हणजे त्याच्या निम्मं अंतर कापून तुमचं इंजिन त्याच्या दुप्पट चाललं. कंपनी १०,००० किमी किंवा एक वर्ष, जे आधी होईल ते, असं सांगते. तुमच्यासाठी वर्षच आधी येणार. मी स्वतः ५,००० किमी किंवा दहा महिन्यांनी बदलतो आणि पावसाळ्याच्या आत उरकतो.

आता ग्रेड. ‘मुंबईत उकाडा, म्हणून जाड ऑइल’ हे ऐकायला पटतं, पण इंजिनाच्या आतलं तापमान थर्मोस्टॅट (कूलंटचा प्रवाह कमी-जास्त करणारी झडप) राखतो. बाहेर २० अंश असो की ३५, गरम झालेल्या इंजिनात ऑइल साधारण ९० ते १०० अंशांच्या आसपास असतं. ५डब्ल्यू-३० मधला ३० हा आकडा १०० अंशांवरचा दाटपणा सांगतो. ‘डब्ल्यू’आधीचा आकडा थंड इंजिनाचा, तो जितका लहान तितकं ऑइल सकाळच्या पहिल्या स्टार्टला लवकर पोचतं. या इंजिनात ते फार महत्त्वाचं आहे. हे फियाटचं १२४८ सीसी मल्टिजेट: स्विफ्ट, डिझायर, पुंटो, इंडिका व्हिस्टा, सगळीकडे तेच होतं, त्यामुळे मुंबईतल्या कुठल्याही मेकॅनिकचा हात त्यावर बसलेला आहे. त्यात व्हॉल्व्हची उघडझाप पिस्टनच्या चालीशी जुळवायला टायमिंग बेल्ट नाही, चेन आहे, आणि चेनचा ताण ऑइलच्या प्रेशरवर राखला जातो. टर्बोच्या, म्हणजे इंजिनात हवा दाबून भरणाऱ्या पंख्याच्या, बेअरिंगलाही तेच ऑइल लागतं. ऑइल जाड, जळकं किंवा कमी असलं की आधी या दोघांवर येतं. चेन सुटली तर पिस्टन व्हॉल्व्हला भिडतात आणि खर्च ऑइलच्या कित्येक पट होतो.

तेव्हा ५डब्ल्यू-३०च घ्या, सिंथेटिक. मॅन्युअलमध्ये लिहिलेला दर्जा डब्याच्या मागे छापलेला आहे ना, हेही बघा. डब्यावरच्या एपीआयच्या (अमेरिकन पेट्रोलियम इन्स्टिट्यूटच्या) खुणेत ‘एस’ने सुरू होणारी अक्षरं पेट्रोलसाठी, ‘सी’ने सुरू होणारी डिझेलसाठी. ब्रँडवरून वाद घालण्यात अर्थ नाही, नामांकित कंपनीचं खरं ऑइल असलं म्हणजे झालं. ‘खरं’ यासाठी की बनावट मालही मिळतो. मी पेट्रोल पंपावरून किंवा अधिकृत दुकानातून सीलबंद डबा घेतो, आणि ऑइल ओतून झालं की रिकाम्या डब्याला स्क्रू-ड्रायव्हरने भोक पाडतो, म्हणजे तो पुन्हा भरून विकता येत नाही.

बदलताना शेजारी उभे राहा. इंजिन पाच-दहा मिनिटं चालवून कोमट करायचं, इंजिनाखालच्या ऑइल चेंबरचा नट काढून ऑइल पूर्ण गळू द्यायचं, घाई करू द्यायची नाही. नटाचा वॉशर नवा. फिल्टर दर वेळी नवा. यात कागदी फिल्टर येतो, त्याच्या झाकणाची रबर रिंगही बदलून घ्या. मग नवं ऑइल. इथे माझं नुकसान झालेलं आहे: इंजिनात ऑइल लागतं तीन लिटरच्या आसपास, आणि एका गॅरेजमध्ये पोराने चार लिटरचा डबा सगळाच उपडा केला. घरी येईपर्यंत सायलेन्सरमधून निळा धूर येऊ लागला. जास्तीचं ऑइल डिझेल इंजिनात फार वाईट, ते हवेच्या वाटेने आत ओढलं गेलं तर इंजिन आपलंआपणच बेफाम धावू शकतं. म्हणून थोडं थोडं ओतून ऑइलची पातळी मोजायच्या पट्टीवर (डिपस्टिक) बघत राहा, आणि गाडी सपाट जागी हवी. सोसायटीच्या उतारावर पट्टी खोटं बोलते.

जुन्या गाडीला ‘इंजिन फ्लश’, म्हणजे रसायनाने आतला गाळ धुणं, करून घ्या म्हणतील. मी करत नाही. वर्षानुवर्षं साचलेला गाळ एकदम सुटला तर ऑइल खेचणाऱ्या जाळीत अडकतो. आधीच्या मालकाने काय टाकलं हे तुम्हाला ठाऊक नाही, तर आत्ता एकदा बदला आणि ३,००० किमीवर पुन्हा एकदा, फिल्टरसकट. गाळ हळूहळू निघेल. नवं ऑइल दोन-तीनशे किमीत काळं झालं तर घाबरू नका, डिझेलची काजळी धरणं हे त्याचं कामच आहे. मात्र पट्टीवर ते कॉफीसारखं दुधट दिसलं, किंवा पातळी वर चढून डिझेलचा वास आला, तर गाडी चालवू नका, मेकॅनिकला बोलवा. हिंदमाता किंवा मिलन सबवेसारख्या पाणी तुंबणाऱ्या जागी बंपरपर्यंत पाणी लागलं असेल तर किल्ली फिरवण्याआधी पट्टी बघायचीच.

जुनं ऑइल रिकाम्या डब्यात भरून गॅरेजवाल्याकडे द्या, ते गोळा करणारे तिथून नेतात. गटारात ओतू देऊ नका, आपली पावसाळी गटारं सरळ खाडीला आणि समुद्राला मिळतात.