अमेरिकेत अपक्ष उमेदवाराचं नाव सगळ्या राज्यांच्या मतपत्रिकेवर का नसतं?

कारण इथे आपल्यासारखा एकच निवडणूक आयोग नाही. अध्यक्ष एक, पण नियम ज्या त्या राज्याच्या विधिमंडळाचे. मतपत्रिकेवर नाव यायचं तर अपक्षाला बहुतेक ठिकाणी मतदारांच्या सह्या जमवाव्या लागतात. टेनेसीत 275 पुरतात. लुइझियानात सह्यांऐवजी 500 डॉलर भरले तरी भागतं. न्यूयॉर्कने 2020 मध्ये 15,000 चा आकडा थेट 45,000 वर नेला. आणि आमच्या टेक्ससला 2024 मध्ये हव्या होत्या 1,13,151! 5 मार्चची प्रायमरी, म्हणजे पक्षांचे उमेदवार ठरवणारी प्राथमिक निवडणूक, आटोपल्यावर सुरुवात, 13 मेला मुदत संपली. त्यात प्रायमरीत मत दिलेल्याची सही चालत नाही. म्हणजे ज्यांना राजकारणात रस, तेच नेमके बाद.

त्या एप्रिलमध्ये मी एका अपक्षासाठी इथल्या अर्विंग शहरातल्या एका देशी किराणा दुकानाबाहेर क्लिपबोर्ड घेऊन उभा राहायचो. येणारे बरेचसे एच-वन-बी नाहीतर ग्रीन कार्डवाले, त्यांना मतच नाही. एक काकू तयार झाल्या. फॉर्मवरचा मजकूर मोठ्याने वाचून दाखवावा लागतो, तो दाखवला. नाव, पत्ता झाला आणि जन्मतारखेचा रकाना दिसताच पेन खाली. "जन्मतारीख कशाला हवी रे तुला?" मतदार क्रमांकही चालतो, पण तो कुणाला पाठ असतो? कोथिंबिरीची जुडी पिशवीत कोंबून काकू चालत्या झाल्या. एवढं करून सह्या गोळा करणाऱ्याची नोटरीपुढची शपथ वेगळीच.

आणि टेनेसीतल्या नॅशव्हिलचे आमचे भाऊजी फोनवर म्हणतात, "ज्याला सह्या जमवता येत नाहीत, तो देश काय चालवणार?" भाऊजी, तुमच्याकडच्या 275 तर मंडळाच्या गणपतीत महाप्रसादाच्या रांगेत होतील! दोन मोठ्या पक्षांना नोव्हेंबरच्या मतपत्रिकेसाठी अशा सह्या जमवाव्या लागत नाहीत, आणि नियम करणारेही तेच. 2024 मध्ये ओहायोत उमेदवाराचं नाव कळवायची मुदत डेमोक्रॅटिक पक्षाच्या उमेदवार जाहीर करणाऱ्या अधिवेशनाआधीच संपत होती, तर विधिमंडळाचं खास अधिवेशन भरवून ती पुढे ढकलली. अपक्षासाठी अशी धावपळ कुणी केलेली ऐकलीय?

चाळणी नकोच, असं माझं म्हणणं नाही. 1996 मध्ये आपल्याकडे आंध्रातल्या नलगोंड्यात लोकसभेला 480 उमेदवार उभे होते, तसला गोंधळ कुणालाच नको. टेक्ससची लोकसंख्या टेनेसीच्या चौपट आहे, हेही कबूल. पण सह्या चारशेपट? हा हिशेब भाऊजींनीच जुळवून दाखवावा, सीए आहेत ते.