एक माग प्रयोगासाठी सोड

प्रिय पोरी,
अनेक आशीर्वाद.

तुझं पत्र दोनदा वाचलं. आपल्या टॉवेलच्या कारखान्यातले जुने माग भंगारात घालून कर्जावर रॅपियर, म्हणजे धोट्याशिवाय चालणारे वेगवान माग, बसवायचे, असं तुझ्या मनात आहे. रॅपियर चांगलेच, पण अर्ज भरण्याआधी महिनाभर शेडमध्ये, मागांच्या गल्लीत उभी राहा.

प्रत्येक मागाला पाटी लाव. माग थांबला की कारण खडूने लिहायचं: ताणा (उभा धागा) तुटला, कांडी (आडव्या धाग्याची गुंडाळी) संपली, जॉबरची (माग दुरुस्त करणाऱ्याची) वाट पाहिली, वीज गेली. वेळ कुठे जातो ते आठवड्यात कळेल. सूतच कच्चं असेल तर नवा मागही थांबेल, वर बँकेचा हप्ता चालू.

जपानच्या साकिची टोयोडांनी थांबण्याचाच विचार केला होता. धागा तुटताच आपोआप थांबणारा त्यांचा माग 1924 मध्ये तयार झाला. सदोष कापड निघणं टळलं आणि एका कामगाराला बरेच माग सांभाळता येऊ लागले. 1929 मध्ये इंग्लंडच्या प्लॅट ब्रदर्स या यंत्रं बनवणाऱ्या कंपनीने त्याचे हक्क घेतले. पुढे त्याच घरातून टोयोटा मोटारी आल्या, आणि 1951 पासून त्या कंपनीत कामगारांच्या सूचना रीतसर मागवल्या जाऊ लागल्या. एवढी मोठी कंपनी मागाच्या पोटी जन्मली, याचा मला सोलापूरकर म्हणून फार आनंद वाटतो.

आपल्याकडची खरी अडचण मजुरीत आहे. विणकराला पैसे नगावर मिळतात. नवं डिझाइन म्हणजे जकार्डची (नक्षी पाडणाऱ्या यंत्राची) कार्डं बदला, धागे जुळवा. त्यात त्याचा दिवस बुडतो. मग तो म्हणतो, "जुनंच बरं." त्याला आळशी समजू नकोस, त्याचा हिशोब बरोबर आहे. म्हणून एक माग प्रयोगासाठी सोड आणि त्यावरच्या माणसाला रोजची सरासरी मजुरी दे, टॉवेल निघोत की न निघोत. सूचना येऊ लागतील. प्रत्येक सूचनेला त्याच आठवड्यात उत्तर दे, नकार असला तर कारण सांगून. उत्तर न मिळालेला माणूस पुन्हा तोंड उघडत नाही. सोलापूरच्या पूर्व भागातले आपले जुने विणकर एकमेकांत तेलुगू बोलतात. चार वाक्यं शिकून घे. कांडी भरणाऱ्या बायकांनाही विचार, सुताची प्रत सगळ्यात आधी त्यांच्या बोटांना कळते.

बाजाराचं थोडक्यात सांगतो. सोलापुरी चादरीला आणि टेरी टॉवेलला भौगोलिक मानांकन आहे, पण गिऱ्हाईक आपल्यालाच शोधावं लागतं. याच शहरातले लोक गणवेशाच्या धंद्यात उतरले, ते शाळांची गरज ओळखून. तूही हॉटेलच्या धुलाईखात्यात जाऊन बघ, टॉवेल आधी कुठून विरतो: काठाला की मध्ये. तुझं पुढचं डिझाइन तिथेच सापडेल.

आणि हो, जॉबरकाकांना पहिल्या दिवसापासून सोबत घे. त्यांना डावललंस तर प्रयोगाचा माग कायम बंदच सापडेल.

तुझा,
काका