शाळेचं राजकारण : वाचकांचे प्रश्न, आमची उत्तरं

जानेवारी २०२६ मध्ये मुंबई महापालिकेची निवडणूक झाली आणि तेव्हापासून पालिका शाळांचा कारभार पाहणाऱ्या शिक्षण समितीबद्दल वाचकांची पत्रं सतत येत आहेत. त्यांतल्या पाच पत्रांना इथे उत्तरं दिली आहेत.

प्रश्न : माझा भाचा अमेरिकेत राहतो. तिथे शाळा मंडळाचा सदस्य लोक थेट मतदानानं निवडतात, त्यासाठी दारोदार प्रचारही होतो. मुंबईच्या शिक्षण समितीसाठी आपल्याला असं मत का नाही? – एक वाचक, घाटकोपर

अमेरिकेत बहुतेक ठिकाणी भाचा म्हणतो तसंच आहे, पण सगळीकडे नाही. शिकागोत अनेक वर्षं महापौरच मंडळ नेमत. तिथली पहिली निवडणूक नोव्हेंबर २०२४ मध्ये झाली आणि तीही २१ पैकी १० जागांसाठी.

आपली शिक्षण समिती ही मुंबई महानगरपालिका अधिनियम, १८८८ खालची वैधानिक समिती आहे. सदस्य २६. त्यांत २२ नगरसेवक आणि ४ बाहेरचे. आपण फक्त प्रभागातला नगरसेवक निवडतो. पुढे पक्षांच्या तौलनिक संख्याबळानुसार जागा वाटल्या जातात, गटनेते नावं देतात आणि महापौर ती सभागृहात जाहीर करतात. म्हणजे समितीवर जाण्यासाठीची खरी खटपट मतदारासमोर होत नाही, पक्षाच्या आत होते. तिथे पालिकेच्या खर्चाला मंजुरी देणाऱ्या स्थायी समितीसाठी रस्सीखेच असते आणि शिक्षण समितीला मागची रांग मिळते. आठ माध्यमांच्या शाळा चालवणाऱ्या शहरात हे चालू राहावं याचं आम्हाला वाईट वाटतं. वाचकांच्या हातात एक गोष्ट आहे. उमेदवार दारात आला की विचारा : ‘निवडून आलात तर गटनेत्याकडे कोणती समिती मागणार?’ उत्तर चार शेजाऱ्यांसमोर घ्या.

प्रश्न : मी पालिका शाळेच्या व्यवस्थापन समितीची पालक-अध्यक्ष आहे. पुढची निवडणूक लढवायचा विचार आहे. या कामाचा प्रचारात उपयोग कसा करावा आणि अडचण कुठे येते? – एक वाचक, धारावी

ताई, उपयोग नक्की होतो. पण आधी शाळा आणि प्रचार यांच्यात भिंत घाला. समितीचं लेटरहेड, शाळेचं आवार, हजेरीपटावरचे पालकांचे मोबाइल नंबर, मुलांच्या प्रभातफेऱ्या, यांतलं काहीही प्रचारासाठी वापरायचं नाही. पालकांच्या व्हॉट्सॲप गटावर एक मेसेज टाकला तरी तक्रार होऊ शकते, आणि उत्तर द्यायला मुख्याध्यापकांना उभं राहावं लागतं. तुमचा गट वेगळा काढा. लोकांना त्यात त्यांच्या संमतीनंच घ्या.

तुमचं खरं भांडवल म्हणजे शाळा विकास आराखडा. शिक्षण हक्क कायदा, २००९ नुसार तो व्यवस्थापन समितीनं करायचा असतो : तीन वर्षांचा आणि त्यात दरवर्षीचा उपआराखडा. बहुतेक शाळांत तो मुख्याध्यापक भरतात आणि पालक सह्या करतात. तुम्ही तो स्वतः बसून केलात, तर प्रभागातल्या एका शाळेचा हिशेब तुम्हाला तोंडपाठ होईल : किती वर्गखोल्या गळतात, मुलींच्या स्वच्छतागृहाला पाणी किती तास येतं, कोणत्या वर्गाला कधीपासून शिक्षक नाही. मग प्रभागातल्या बाकीच्या पालिका शाळांच्या पालक-सदस्यांना भेटा आणि तशीच माहिती एका कागदावर आणा. असा कागद हातात असलेला उमेदवार चाळीत दहा मिनिटं बोलला, तरी लोक थांबून ऐकतात. आराखड्यातली कोणती मागणी मान्य झाली आणि कोणती नाही, हे तारखेसह लिहून ठेवा. बैठकांचं इतिवृत्त अर्धवट असेल तर आत्ताच पूर्ण करून घ्या. आचारसंहिता लागल्यावर मागे जाऊन केलेल्या नोंदी संशयास्पद दिसतात.

आता उमेदवारी. वय २१ पूर्ण हवं आणि नाव मुंबईच्या मतदार यादीत हवं. ते तुमच्याच प्रभागात असलं पाहिजे असं नाही. सूचक, म्हणजे अर्जावर तुमचं नाव सुचवणारा मतदार, मात्र ज्या प्रभागातून लढणार त्याच यादीतला लागतो, आणि घाईत नेमकी तिथेच चूक होते : शेजारच्या इमारतीतला माणूस सूचक म्हणून आणला जातो आणि त्याचं नाव पलीकडच्या प्रभागात निघतं. अनामत खुल्या जागेसाठी ५,००० रुपये, राखीव जागेसाठी २,५००. अपत्यांबाबतची अट, पालिकेची थकबाकी आणि पालिकेच्या कोणत्याही ठेक्यात हितसंबंध या तीन बाबी आधी तपासा. घरातलं कुणी शाळेला सामान पुरवत असेल, तर वकिलाला विचारल्याशिवाय पुढे जाऊ नका. शपथपत्रात एकही रकाना कोरा सोडू नका. सांगण्यासारखं काही नसेल तिथे ‘निरंक’ लिहा. राखीव जागा असेल तर जात वैधता प्रमाणपत्राचं काम वर्षभर आधी काढा, शेवटच्या आठवड्यात ते होत नाही. पक्षाकडून लढणार असाल तर ए आणि बी फॉर्म, म्हणजे पक्षाच्या अधिकृत उमेदवारीची पत्रं, मुदतीच्या आत निवडणूक निर्णय अधिकाऱ्याच्या हातात पडले पाहिजेत. नेत्यानं दिलेला शब्द छाननीत धरला जात नाही.

खर्चासाठी वेगळं बँक खातं उघडा. मुंबईत जानेवारी २०२६ च्या निवडणुकीला मर्यादा १५ लाखांची होती. निकालानंतर ३० दिवसांत हिशेब सादर करायचा असतो आणि हे हरलेल्यांनाही लागू आहे. हरल्यावर कागद गुंडाळून ठेवणारे अनेक जण पुढच्या वेळी अपात्रतेच्या नोटिशीमुळे अडकतात.

प्रश्न : शाळांबद्दल जाहीरनाम्यात कोणती आश्वासनं द्यावीत? – कार्यकर्ता, मुलुंड

जी नगरसेवकाच्या हातात आहेत तीच. खासगी शाळेची फी कमी करू, हे नगरसेवक करू शकत नाही. तो कायदा राज्याचा. शिक्षकांच्या बदल्या प्रशासन करतं. पण पालिकेचा शिक्षणाचा अर्थसंकल्प वेगळा असतो, त्याला ‘ई’ म्हणतात, आणि तो फेब्रुवारीत शिक्षण समितीपुढे येतो. तिथे दुरुस्ती सुचवता येते. त्यामुळे ‘शाळा सुधारू’ असं लिहिण्यापेक्षा ‘अमुक शाळेच्या दुरुस्तीचा प्रस्ताव पहिल्या अर्थसंकल्पात मांडू’ असं लिहा. ‘२७ शालोपयोगी वस्तू देऊ’ असं लिहूच नका, त्या पालिका आधीपासून देते. वचन द्यायचंच तर वेळेचं द्या : गणवेश, दप्तर, बूट शाळा उघडल्याच्या आठवड्यात मुलांच्या हातात. उशीर निविदेत होतो, म्हणून आदल्या वर्षीच्या नोव्हेंबर-डिसेंबरमध्येच समितीत प्रश्न विचारावा लागतो. जूनमध्ये आरडाओरडा केला तरी त्या वर्षीच्या मुलांना त्याचा उपयोग नसतो.

प्रश्न : मी पालिकेच्या प्राथमिक शाळेत शिक्षिका आहे. शिक्षक मतदारसंघात मला मत आहे का? मी नगरसेवकपदासाठी उभी राहू शकते का? – एक शिक्षिका, कुर्ला

दोन्ही प्रश्नांचं उत्तर ‘नाही’ असंच आहे. विधान परिषदेच्या शिक्षक मतदारसंघात माध्यमिक किंवा त्यावरच्या स्तरावर शिकवणाऱ्यालाच मत असतं, आणि मागच्या सहा वर्षांत किमान तीन वर्षं शिकवलेलं असावं लागतं. नाव नोंदवायला अर्ज क्रमांक १९. यादी दर निवडणुकीला नव्यानं होते, त्यामुळे जून २०२४ च्या यादीत नाव होतं म्हणून पुढच्या वेळी असेलच असं नाही. तुमच्या माध्यमिकच्या सहकाऱ्यांना हे जरूर सांगा. प्राथमिक शिक्षकांना या मतदारसंघात मत नाही, ही उणीव आम्हाला गंभीर वाटते. पालिकेच्या सेवेत असताना नगरसेवक होता येत नाही. राजीनामा मंजूर होऊन मगच अर्ज भरा.

प्रश्न : शिक्षण समितीवर काम केल्यानं राजकीय कारकीर्द पुढे जाते का? – महाविद्यालयीन विद्यार्थी, दादर

जाऊ शकते. समितीचा अध्यक्ष पदसिद्ध म्हणून स्थायी समितीत बसतो, त्यामुळे हे पद वाटतं त्यापेक्षा वजनदार आहे. पण मुंबईत २२७ प्रभागांतून एकेकच सदस्य निवडला जातो, निम्म्या जागा महिलांसाठी राखीव असतात आणि आरक्षण सोडतीनं ठरतं. पाच वर्षं बांधलेला प्रभाग एका चिठ्ठीत हातातून जाऊ शकतो. त्यात मार्च २०२२ ला आधीच्या सभागृहाची मुदत संपल्यावर जवळपास चार वर्षं प्रशासक होता. त्या काळात शिक्षण समिती नव्हती आणि शाळांचा अर्थसंकल्प प्रशासकानंच मंजूर केला. ज्यांची ओळख केवळ पदावर होती ते या काळात विस्मृतीत गेले. शाळांच्या पालकांशी ज्यांचा संपर्क टिकला, त्यांना शेजारच्या प्रभागातूनही उमेदवारी मागता आली. तुम्हाला या क्षेत्रात यायचं असेल तर शिक्षण समितीचं कार्यवृत्त मिळवून वाचायला लागा, लागल्यास माहिती अधिकारात अर्ज करा. कोणता सदस्य बैठकीला आला, त्यानं कोणती ठरावाची सूचना मांडली, तिच्यावर प्रशासनाचा अभिप्राय काय आला, हे सगळं त्यात असतं. त्यातला अनुत्तरित राहिलेला एक प्रश्न घ्या आणि त्याच शाळेपासून सुरुवात करा.