वाटीत ३० मिली, म्हणून दूध आटलं?

मावशी, बाळंतपणाला मी माहेरी, मानेवाड्याला आले आहे. लेक सात आठवड्यांची झाली. आधी छाती दगडासारखी व्हायची, आता सैलच असते. संध्याकाळी सहा ते रात्री दहा ती अंगावरून सुटत नाही, सोडवली की रडते. आईनं एकदा पाजून झाल्यावर वाटीत पिळून पाहायला लावलं, जेमतेम ३० मिली निघालं. सासूबाई म्हणाल्या, दूध आटलं, वरचं सुरू करा. तिसाव्या दिवसापासून संध्याकाळी आणि रात्री ६०-६० मिली पावडरचं दूध बाटलीनं देतो. मेथीचे लाडू, अळिवाची खीर, शतावरी सगळं खाऊन झालं. डावीकडे पाजताना दुखतं. त्यात हे ऊन. शेजारच्या काकू रोज म्हणतात, बाळाला पाणी पाजा. कार्डावरची वजनं लिहिते: जन्माला २.८० किलो, तिसऱ्या दिवशी सुटी झाली तेव्हा २.६२, चौदाव्या दिवशी २.८५, अठ्ठाविसाव्या दिवशी आशाताईंनी केलं ते ३.२५, दीड महिन्याच्या लसीला ३.६५. ऑक्टोबरात मिहानला कामावर जायचं आहे. मला खरंच दूध कमी आहे का?
— एक बाळंतीण, नागपूर

वजनं लिहिलीस ते फार बरं केलंस. तुझ्या प्रश्नाचं उत्तर त्या पाच आकड्यांत आहे.

पहिल्या तीन दिवसांत लेकीचं १८० ग्रॅम वजन उतरलं, म्हणजे साडेसहा टक्क्यांच्या आत. नवजात बाळाचं तेवढं उतरतंच. दहा टक्क्यांच्या वर गेलं तर काळजी. दोन आठवड्यांत ती जन्मवजनाच्या पुढे गेली, तेही वेळेवर. आता पुढचं नीट बघ. चौदा ते अठ्ठावीस या दिवसांत ४०० ग्रॅम वाढ झाली. रोजची २८ ग्रॅमच्या थोडी वर, आणि ती निव्वळ तुझ्या दुधावर. पहिल्या तीन महिन्यांत रोज २० ते ३० ग्रॅम वाढ चांगली मानतात. पुढच्या चौदा दिवसांत, बाटली सुरू झाल्यावर, पुन्हा ४०० ग्रॅमच. रोज १२० मिली पावडरचं पोटात जाऊनही वजनाचा वेग तसूभर बदलला नाही. याचा सरळ अर्थ असा, की तिनं तेवढं दूध जास्तीचं घेतलं नाही. तुझं तेवढं कमी घेतलं.

म्हणजे तिसाव्या दिवशी तुला दूध कमी नव्हतं. बाटली अशीच चालू राहिली तर मात्र महिन्याभरात खरोखर कमी होईल. विहीर उपसली की झरे मोकळे होतात, तसंच हे आहे. स्तनात दूध साठून राहिलं की शरीर बनवणं मंदावतं, रिकामे झाले की वेग वाढतो. बाटलीच्या वेळी तू पाजत नाहीस आणि पिळूनही काढत नाहीस, तेव्हा शरीराला एवढंच कळतं की या वेळचं दूध नको आहे.

तुम्हाला ज्या तीन गोष्टींनी घाबरवलं त्या अशा. छाती सैल लागते, कारण साधारण सहाव्या आठवड्यापर्यंत शरीर बाळाच्या मागणीशी जुळवून घेतं आणि फाजील दाटणं थांबतं. संध्याकाळी ती सुटत नाही, कारण बहुतेक तान्ह्या बाळांची ती वेळच तशी असते. त्या वेळी धार बारीक असते, बाळ थोडं-थोडं, पुन्हा-पुन्हा पितं. शिवाय सहाव्या आठवड्याच्या आसपास बाळाचं रडणं एरवीही सगळ्यात जास्त असतं. आणि वाटीतलं ३० मिली? पाजून झाल्यावर, आई समोर उभी, मनात धाकधूक, तशात हातानं ३० मिली निघालं तर ते भरपूर झालं. पान्हा फुटायला निवांतपणा लागतो. बाळ जेवढं ओढतं तेवढं हात किंवा पंप ओढत नाही. पिळून दूध मोजायची ही परीक्षा घरोघरी घेतली जाते आणि ती सपशेल चुकीची आहे.

खरी मोजणी लंगोटांची. चोवीस तासांत सहा किंवा जास्त ओले, लघवी फिकट, वास नाही. चार दिवस कागदावर रेघा मारून ठेव.

आता डावी बाजू. मला बाटलीपेक्षा जास्त चिंता तिची वाटते, कारण दुखतं तिथं पकड चुकलेली असते आणि चुकलेल्या पकडीत दूध नीट ओढलं जात नाही. लेकीनं सोडल्याबरोबर निपल बघ. गोल असेल तर ठीक. बोरूच्या टोकासारखा तिरका, चपटा झाला असेल तर ती नुसतं टोक चावते आहे. पाठीला लोड घेऊन बस, मांडीवर उशी ठेव. तिचं पोट तुझ्या पोटाला टेकलेलं. कान, खांदा आणि कंबर एका रेषेत, मान वळलेली नको. तिचं नाक निपलच्या समोर येऊ दे. निपल वरच्या ओठाला हलकेच लाव आणि थांब. जांभई दिल्यासारखं तोंड उघडेपर्यंत थांब, इथंच सगळ्या घाई करतात. उघडलं की तिला स्तनाकडे आण. वाकून स्तन तिच्या तोंडात कोंबू नकोस. आधी हनुवटी टेकली पाहिजे. भोवतीचा काळा भाग वर जास्त दिसावा, खाली कमी. खालचा ओठ बाहेर वळलेला, गाल फुगलेले, टक्-टक् आवाज नाही, एक-दोन ओढींनंतर घोट गिळल्याचं ऐकू येतं. दुखत राहिलं तर सहन करू नकोस. करंगळी तिच्या तोंडाच्या कोपऱ्यातून आत घाल, पकड सोडव आणि पुन्हा लाव. पाच वेळा लावावं लागलं तरी चालेल.

ओढणं मंद होऊन नुसती चुळबुळ सुरू झाली की स्तन अंगठा आणि चार बोटांत धरून छातीजवळून हलका दाब. ती गिळते तोवर दाबून ठेव, थांबली की सोड. यानं उरलेलं घट्ट दूधही पोटात जातं. मग दुसरी बाजू. दिवसरात्र मिळून आठ ते बारा वेळा पाजणं व्हावं, त्यात रात्रीचं निदान एक. दूध बनवणारं प्रोलॅक्टिन रात्री जास्त असतं, म्हणून रात्रीची पाळी बाटलीला देऊन टाकणं सगळ्यात महागात पडतं.

बाटली एकदम बंद करू नकोस. आधी बालरोगतज्ज्ञांच्या कानावर घाल, मग संध्याकाळचे ६० मिली तीन दिवस ३० कर, मग बंद. त्यानंतर रात्रीचे तसेच. बारा दिवसांत होतं. प्रत्येक वेळी आधी दोन्ही बाजू पाज, वर द्यायचं ते नंतर. आणि बाटलीऐवजी बोंडलं किंवा वाटी-चमचा घे, उकळून. बाटलीतून आयती धार येते आणि बाळ अंगावर ओढायचा आळस करतं. सकाळी दूध सर्वांत जास्त असतं, तेव्हा पाजल्यावर प्रत्येक बाजूनं दहा मिनिटं काढून ठेव आणि रात्री पावडरऐवजी तेच दे. हातानं काढताना अंगठा आणि बोट निपलपासून दोन-अडीच सेंटिमीटर मागे ठेव. आधी छातीकडे दाब, मग एकमेकांकडे, मग सोड. बोटं कातडीवर घसरू देऊ नकोस, साल निघते. थेंब यायला दोन-तीन मिनिटं लागतात. एका तासात २० मिनिटं पंप, १० विश्रांती, १० पंप, १० विश्रांती, १० पंप, अशी एक पद्धत सध्या फार सांगितली जाते. ज्यांचं दूध खरंच कमी आहे त्यांना तिचा उपयोग होतो. तू तो तास झोप.

या बारा दिवसांत दर सातव्या दिवशी वजन कर: त्याच काट्यावर, बाळ उघडं करून. आठवड्याला १५० ते २०० ग्रॅम वाढ आली की झालं. १४० च्या खाली आली तर कमी करणं थांबव आणि डॉक्टरांकडे जा.

लाडवांबद्दल. बाळंतिणीला रोज ६०० किलोकॅलरी जास्त लागतात, म्हणून डिंकाचा लाडू, अळिवाची खीर, खारीक-खोबरं यांचा मान आहेच. पण ते तुला पोसतात. मेथी आणि शतावरीनं दूध वाढतं याचा भक्कम पुरावा नाही. स्वयंपाकातली मेथी बिनधास्त खा. पूड चमच्या-चमच्यानं किंवा गोळ्यांच्या रूपात नको. तिनं साखर उतरते, पोट बिघडतं, रक्त पातळ करणाऱ्या औषधाशी तिचं जमत नाही. ज्वारीची भाकर, वाटीभर घट्ट वरण, दही, पालेभाजी आणि मूठभर फुटाणे रोज पोटात जाऊ दे. लाडू मग एक पुरतो. पाणी तहानेनुसार, ढोसून दूध वाढत नाही. नागपूरच्या मे महिन्यात तहानच मोठी असते, तेव्हा पाजायला बसताना शेजारी तांब्या असू दे. पन्ह्यानं पान्हा वाढत नाही, पण कैरीचं पन्हं, मठ्ठा, आंबील यांनी तू उभी राहशील.

काकूंना सांग, बाळाला पाणी नाही. अंगावरच्या दुधात जवळपास ८७ ते ८८ टक्के पाणीच असतं. इवल्या पोटात पाणी गेलं की दुधाची जागा जाते, जंतू जातात आणि रक्तातलं सोडियम उतरून झटकेही येऊ शकतात. उकाड्यात ती जास्त वेळा मागेल, तेवढ्या वेळा पाज. पाणी, गुटी, ग्राईप वॉटर सहा महिने नको. मध वर्षभर नको. कूलर लाव, खिडकी उघडी ठेव, झोत थेट तिच्या अंगावर नको. आणि ४५ अंशांत बंद खोलीत शेक-शेगडी करत असाल तर ती आजच बाहेर काढा. घाम जातो, शिवाय कोळशाचा धूर बंद खोलीत जीवघेणा असतो.

हे पुढचं आईला वाचून दाखव. आई, तुम्हाला लेकीची काळजी आहे म्हणूनच तुम्ही वाटी आणलीत. आता वाटी ठेवून द्या आणि संध्याकाळी सहा ते दहा स्वयंपाक, भांडी, येणारे-जाणारे तुम्ही बघा. लेकीला फक्त पाजू द्या. पाजून झालं की बाळ खांद्यावर घेऊन ढेकर काढा, पाऊण तास फिरवा, तेवढा तिला डोळा लागू द्या. जावईबापू संध्याकाळी येत असतील तर रात्री दोनचा लंगोट त्यांनी बदलावा, बाळ हातात आणून द्यावं. सासूबाईंना वजनाचे आकडे फोनवर सांगा. आकड्यांशी कुणी भांडत नाही.

दूध खरंच कमी पडणाऱ्या बायकाही असतात, त्यांना केवळ ‘मन प्रसन्न ठेव’ म्हणणं अन्यायाचं आहे. थायरॉईड, वारेचा तुकडा आत राहणं, बाळंतपणात फार रक्त जाणं, स्तनाची शस्त्रक्रिया ही खरी कारणं आहेत. पकड सुधारूनही वजन वाढलं नाही तर हिमोग्लोबिन आणि टीएसएच (थायरॉईडची रक्ततपासणी) तपासून घे. पाळणा लांबवायच्या गोळ्या विचारून घे: माला-एनसारख्या इस्ट्रोजेन असलेल्या गोळ्यांनी दूध उतरतं, तांबी किंवा ‘छाया’ ही इस्ट्रोजेन नसलेली गोळी चालते. सर्दीच्या स्यूडोएफेड्रिनवाल्या गोळीनंही उतरतं. दूध वाढवायला डोम्पेरिडोन मनानं आणू नकोस, हृदयाच्या ठोक्यांवर परिणाम होतो.

बाळ सुस्त झालं, पाजायला उठेना, लंगोट सहापेक्षा कमी, लघवी पिवळीधमक, तोंड कोरडं किंवा ताप, तर वाट न पाहता डागा, मेडिकल किंवा मेयो यांपैकी जवळचं सरकारी रुग्णालय गाठ. तुझ्या स्तनात लालसर कडक गाठ आणि ताप आला तरी डॉक्टरांकडे जा, पण पाजणं थांबवू नकोस. साठलं की गाठ वाढते.

ऑक्टोबरची तयारी सप्टेंबरात. पगारी रजा २६ आठवड्यांची असते. कामावर गेल्यावर बाळ पंधरा महिन्यांचं होईपर्यंत दिवसातून दोनदा पाजण्यासाठी सुटी मिळण्याचा तुझा हक्क आहे, आणि ५० किंवा जास्त कर्मचारी असलेल्या आस्थापनेत पाळणाघर हवं. एचआरला आत्ताच लेखी विचार. पंप घेशील तेव्हा फनेलचं माप बघ. निपल मोकळेपणानं पुढे-मागे झाला पाहिजे, काळा भाग आत ओढला जाता कामा नये. ओढ जास्त केली म्हणून दूध जास्त येत नाही. चांगला चालणारा पंप अचानक कमी काढू लागला तर आधी रबरी झडप बदल, बहुधा तीच सैल झालेली असते. काढलेलं दूध २५ अंशांपर्यंत ४ तास टिकतं. तुझ्या ऑफिसात एसी असेल, घरी आणि बसमध्ये नाही, म्हणून बर्फाच्या पिशव्या घातलेली थंड बॅग ने. तीत ते २४ तास राहतं. फ्रिजमध्ये मागच्या कप्प्यात ४ दिवस, दारात नाही. गरम करायला कोमट पाण्याचं भांडं. मायक्रोवेव्ह नको, मधेच चटका लागतो. प्रत्येक डब्यावर तारीख घाल आणि डबे ६०-६० मिलीचेच भर, म्हणजे उरलेलं टाकावं लागणार नाही.